‘गाडी शिकते’ : एका प्रयोगाची चिकित्सा

१

बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर यांपैकी कोणत्याही गावातील गॅरेजात तासभर बसले, तर ‘गाडी शिकते’ हा प्रयोग एकदा तरी कानी पडतो. बॅटरी बदलून गाडी परत देताना मेकॅनिक सांगतो, की दोन-चार दिवस ती जरा झटके देईल, मग आपोआप शिकून घेईल. जुन्या गाड्यांचा दलाल सांगतो, की गाडी अजून आधीच्या मालकाच्या हाताची आहे, तुमचा हात ओळखायला तिला वेळ लागेल. गाडीचा जोर वाढवून देणारा ट्यूनर म्हणतो, की कंपनीने गाडीला भीत भीत चालायला शिकवले आहे, आम्ही तिला मोकळे चालायला शिकवतो. तीनही वाक्यांत क्रियापद एकच आहे. परंतु ज्या तीन घटनांविषयी ही वाक्ये बोलली जातात, त्या एकमेकींपासून सर्वस्वी भिन्न आहेत.

मोटारीतील संगणक चालकाच्या सवयींशी कितपत जुळवून घेतो, आणि ट्यूनिंग करणारा त्या संगणकात नेमके काय बदलतो, ह्या प्रश्नांची उत्तरे यंत्रशास्त्राने द्यावयाची आहेत, व ती त्याने दिलेलीही आहेत. प्रस्तुत लेखाचा हेतू निराळा आहे. ती उत्तरे मराठीत सांगताना आपण जे क्रियापद योजतो ते त्या क्रियेला शोभते काय, आणि शोभत नसेल तर त्यामुळे कोणाचे काय नुकसान होते, हे येथे तपासावयाचे आहे. भाषेच्या अभ्यासकाने इंजिनाचे झाकण उघडावे काय, अशी शंका कोणी घेतील. त्यांना इतकेच सांगता येईल, की शब्द ज्या वस्तूला लागतो ती वस्तू न पाहता शब्दाची चिकित्सा करणे, हीच आपल्या परिभाषाचर्चेची जुनी खोड आहे.

२

प्रथम ‘शिकणे’ ह्या क्रियापदाकडे पाहू. त्याचे मूळ संस्कृत ‘शिक्ष्’ ह्या धातूत आहे, आणि ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ ह्या धातूचे इच्छार्थक रूप आहे. अर्थात मुळात शिकणे म्हणजे ‘समर्थ होण्याची इच्छा करणे’. शब्दाचा आजचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीने बांधलेला नसतो, हे भाषाशास्त्राचे पहिलेच सूत्र होय. म्हणून केवळ व्युत्पत्तीच्या बळावर कोणत्याही प्रयोगाला चूक ठरविता येणार नाही. तथापि आजच्या मराठीतही ह्या क्रियापदाला दोन अपेक्षा चिकटलेल्या आहेत. एक अशी, की शिकणाऱ्यापाशी पूर्वी जे नव्हते असे काही नंतर येते. दुसरी अशी, की शिकल्याने तो सुधारतो. ‘पोर चोरी करायला शिकले’ असे आपण म्हणतो, पण त्या वाक्यातला उपहास वा खेद ह्या दुसऱ्या अपेक्षेच्या भंगातूनच निर्माण होतो.

याउलट ‘सवय लागणे’, ‘वळण लागणे’, ‘खोड लागणे’ ह्या प्रयोगांची रचना पाहावी. ‘गाडी शिकते’ ह्या वाक्यात गाडी कर्ता आहे. ‘गाडीला सवय लागते’, किंवा आपल्या वऱ्हाडीत ‘गाडीले सवय लागते’, ह्या वाक्यात मात्र कर्तृपद सवयीकडे गेले आहे, आणि गाडी केवळ ती सवय जिला येऊन चिकटते अशी आहे. पाणिनीने कर्ता तो, जो क्रियेच्या बाबतीत स्वतंत्र असतो, अशी व्यवस्था लावली. आणि त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्यास हेतू अशी निराळी संज्ञा दिली. व्याकरणातील हा जुना विवेक गॅरेजातही उपयोगी पडतो, हे पुढील विवेचनावरून ध्यानी येईल.

३

आता वस्तूकडे वळू. इंजिनावर देखरेख करणाऱ्या संगणकात आकड्यांची कोष्टके साठविलेली असतात. इंजिनाचे फेरे इतके आणि त्यावरचा भार इतका असेल, तर इंधन किती सोडावे व ठिणगी कोणत्या क्षणी टाकावी, हे त्या कोष्टकांत लिहिलेले असते. ह्या कोष्टकांना इंग्रजी व्यवहारात ‘मॅप’ म्हणतात आणि आपल्याकडेही तोच शब्द रुळला आहे. काही अनुवादक त्यासाठी ‘नकाशा’ लिहितात. परंतु नकाशा म्हटले की तलाठ्याच्या दप्तरातील शेताची आकृती डोळ्यांपुढे येते. येथे आकृती नाही, आकड्यांच्या ओळी व स्तंभ आहेत. म्हणून ‘कोष्टक’ हाच शब्द अधिक नेमका होय.

ह्या कोष्टकांच्या आधारे संगणक दोन प्रकारची कामे करतो. पहिले काम मोजण्याचे. मलकापूर हे पूर्णेच्या खोऱ्यात, तर बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. राजूर घाट चढताना हवा थोडी विरळ व थोडी थंड होत जाते. दाब व तपमान मोजणारे सेन्सर ही खबर क्षणोक्षणी देतात आणि संगणक त्याप्रमाणे इंधन बेताने सोडतो. घाट उतरला की नवे मोजमाप, नवे इंधन. येथे आठवण अशी काही नाही. तोच घाट शंभर वेळा चढला तरी गाडीला तो घाट ‘पाठ’ होत नाही.

दुसरे काम चूक निस्तरण्याचे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण प्रत्यक्षात साधले किंवा नाही, हे धुराच्या नळीतील प्राणवायूचा सेन्सर सांगतो. हवा अधिक झाली असे त्याने कळविताच संगणक इंधन वाढवितो, आणि इंधन अधिक झाले तर घटवितो. ही तात्पुरती दुरुस्ती सेकंदागणिक वरखाली होत असते. परंतु ती सतत एकाच बाजूला, उदाहरणार्थ ८ टक्के वाढीकडे, झुकलेली राहिली, तर संगणक तेवढा फरक दीर्घ मुदतीच्या नोंदीत जमा करतो आणि तात्पुरत्या दुरुस्तीचा काटा पुन्हा शून्याजवळ आणतो. ‘गाडी शिकली’ असे ज्याला म्हणतात ती घटना मुख्यतः ही होय. वाचकांच्या लक्षात येईल, की ह्या नोंदीत चालकाचा संबंध जवळजवळ येतच नाही. कचऱ्याने तुंबलेला इंजेक्टर, जुना झालेला सेन्सर, कोठेतरी चिरलेली हवेची नळी, किंवा टाकीतले बदललेले इंधन, यांचा तो हिशेब आहे.

इंधनाचे उदाहरण सध्या सर्वांच्या तोंडी आहे. २०२५ साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे सरासरी मिश्रण २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. इथेनॉलला वजनाच्या अवघी ९ पट हवा पुरते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाचे प्रमाण सुमारे साडेतेरावर येते. जुन्या कोष्टकानुसार चालणाऱ्या गाडीला हवा जास्त झाल्याचे दिसते, आणि ती दीर्घ मुदतीच्या नोंदीत इंधनाची वाढ करून घेते. ‘गाडी नव्या पेट्रोलला शिकली, आता अ‍ॅव्हरेज पहिल्यासारखे होईल,’ असे आश्वासन ह्यावरून दिले जाते. वस्तुतः गाडीने केवळ प्रमाण सांभाळले आहे. तेवढ्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा इथेनॉलमध्ये सुमारे एकतृतीयांश उष्णता कमी असते, आणि जी उष्णता इंधनातच नाही ती कोणतीही नोंद निर्माण करू शकत नाही. ‘शिकली’ ह्या शब्दाने सुधारणेची अपेक्षा जागविली. घडले ते मात्र कमी ऊर्जेच्या इंधनाचा खर्च वाढवून काम निभावणे.

४

येथे एक वैयक्तिक अनुभव नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. किंबहुना प्रस्तुत लेखाचे कारणच ते आहे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एक वापरलेली मोटार विकत घेतली. पहिले दोन दिवस सिग्नलला उभी असता गाडी थरथरत असे. विकणाऱ्यास विचारता त्याने सांगितले, की नवा हात आहे, गाडी शिकेल. आणि खरोखरच चौथ्या दिवसापासून थरथर कमी झाली. भाषाशास्त्राच्या अध्यापकालाही तो शब्द पटला, आणि गाडी आपल्याला ओळखू लागली म्हणून मनाला थोडे बरेही वाटले. नवव्या दिवशी राजूर घाटात फलकावरचा पिवळा दिवा लागला.

बुलढाण्यातील एका गॅरेजात स्कॅनर लावला तेव्हा ‘पी ०१७१’ हा संकेत निघाला. इंजिनाला इंधनाच्या मानाने हवा जास्त मिळत आहे, असा त्याचा अर्थ. उभ्या गाडीत दीर्घ मुदतीची नोंद अधिक २२ टक्के, आणि वेगात असताना अधिक ५ टक्के होती. इंजिन मंद चालत असताना दुरुस्ती मोठी आणि वेगात लहान, ह्या एका विषमतेवरूनच मेकॅनिकने जाणले, की हवा मोजमापाला चुकवून मधूनच कोठून तरी शिरते आहे. हवेची एक रबरी नळी चिरलेली निघाली. त्याने आणखी एक आकडा दाखविला : संगणकातील नोंदी पुसल्यापासून गाडी २१२ किलोमीटर चालली होती. तितके अंतर नऊ दिवसांत आम्हीच कापले होते. म्हणजे गाडी हाती येण्यापूर्वी नोंदी पुसल्या गेल्या होत्या; दिवा विझला होता, दोष तसाच होता.

त्या वेळी तो मेकॅनिक जे बोलला ते प्रस्तुत लेखकाने लगेच टिपून ठेवले : ‘गाडी काही शिकून नाही राह्यली सर, झाकून राह्यली.’

ह्या वाक्यात वऱ्हाडीचे जे वैशिष्ट्य आहे, ते अर्थाच्या दृष्टीनेही मोलाचे आहे. ‘ऊन’-प्रत्ययान्त धातुसाधितापुढे ‘राहणे’ जोडून चालू क्रिया दाखविण्याची रीत वऱ्हाडीत सर्रास आढळते. प्रमाण मराठीत ‘झाकते आहे’ म्हटले तर क्रिया आत्ता घडत असल्याचे कळते. ‘झाकून राह्यली’ ह्यात ती क्रिया गाडीने धरून ठेवली असल्याचाही ध्वनी आहे. आणि घडत होते ते नेमके तसेच होते. चिरलेल्या नळीतून शिरणाऱ्या हवेवर संगणक दिवसागणिक अधिक इंधनाचे पांघरूण घालीत होता. थरथर कमी झाली ती ह्या पांघरुणामुळे. ह्या दुरुस्तीला मर्यादा असते. पुष्कळ गाड्यांत ती २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान असते. ती मर्यादा आली तेव्हा झाकणे संपले आणि दिवा लागला. जिला मी ओळख समजलो ती लपवणूक होती.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपण म्हणतो. येथे प्रकार उलट आहे. पुष्कळ गाड्यांत बॅटरीची तार काढली, किंवा स्कॅनरचे एक बटण दाबले, की खोड जाते. फक्त खोडीचे कारण जात नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने विचारावयाचा प्रश्न म्हणून ‘गाडी कोणाच्या हाताची’ हा नव्हे, तर ‘नोंदी पुसल्यापासून किती किलोमीटर झाले’ हा आहे. तो आकडा पुष्कळ गाड्यांत स्कॅनरवर दिसतो, आणि तो पाहण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत.

५

मग चालकाच्या सवयीशी गाडी जुळवून घेते, हे केवळ मिथ्या आहे काय? तसेही नाही. स्वयंचलित गिअरच्या अनेक गाड्यांत संगणक चालकाचे पाऊल पाहतो. पेडल किती दाबले जाते, किती झपाट्याने दाबले जाते, ब्रेक कितीदा लागतो, यांचा हिशेब ठेवून तो गिअर लवकर बदलावा की उशिरा, हे ठरवितो. मात्र तो नवीन पद्धत शोधून काढीत नाही. मंद, मध्यम, उतावळी अशा कारखान्यातच लिहून ठेवलेल्या पद्धतींपैकी एकीकडे अधिक झुकतो. आणि चालक बदलला तर बहुधा थोड्याच अंतरात दुसरीकडे झुकतो. ‘वळण लागणे’ हा प्रयोग येथे खरोखर शोभतो. नव्या गोऱ्ह्याला औताला जुंपतात तेव्हा तो नांगरणीचे शास्त्र शिकत नाही. हाकणाऱ्याच्या हाताचे त्याला वळण लागते.

त्याच गिअरपेटीत दुसरीही एक नोंद असते, आणि तिचा सवयीशी संबंध नाही. भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून प्रसार पावलेल्या एएमटी पद्धतीत क्लच यंत्र दाबते. क्लचप्लेट झिजते तशी ती पकड घेण्याची जागा सरकते, आणि संगणक ती सरकलेली जागा टिपून ठेवतो. प्लेट नवी घातली की जुनी टीप चुकीची ठरते. मग मेकॅनिक स्कॅनर लावून ‘लर्निंग’ करतो. थ्रॉटल साफ केल्यावर इंजिन उगाच जोरात फिरू लागते, तेही जुन्या काजळीचा हिशेब धरून ठेवल्यामुळेच, आणि तेथेही हेच ‘लर्निंग’ करावे लागते. ‘लर्निंग करणे’ हा संमिश्र प्रयोग शुद्धिवाद्यांना खटकेल. परंतु त्यात कर्ता मेकॅनिक आहे, गाडी नव्हे; एवढ्यापुरता तो ‘गाडी शिकते’ ह्या शुद्ध मराठी वाक्यापेक्षा सत्याला अधिक जवळ आहे.

६

आता ट्यूनिंगकडे येऊ. येथे कर्त्याचा प्रश्न सर्वाधिक गंभीर होतो. आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांत मूळ कोष्टके तशीच राहिली होती. संगणक त्यांच्या कडेने आखून दिलेल्या मर्यादेत दुरुस्ती करीत होता. रिमॅप करणारा ती कोष्टकेच पुसून नवी लिहितो. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत हवेचा दाब व इंधन वाढविले की जोर पुष्कळ वाढतो, हे खरे. तो जोर कंपनीने दडवून ठेवलेला नसतो. निकृष्ट इंधन, तुंबलेली जाळी, भरलेली गाडी, आणि अकोला-खामगावच्या पट्ट्यात वैशाखात ४४-४५ अंशांपर्यंत जाणारा पारा, ह्या सर्वांचा एकत्र विचार करून राखलेली ती शिल्लक असते. ट्यूनर ती शिल्लक खर्चास काढतो. ‘गाडीला मोकळे चालायला शिकवले’ ह्या वाक्यात शिल्लक मोडल्याचा सुगावाही लागत नाही.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि मेहकर, सिंदखेड राजा ह्या बाजूंना १२० किलोमीटरच्या वेगमर्यादेचा रस्ता दाराशी आला. जोर वाढविण्याच्या हौसेला त्यामुळे अंगण मिळाले. हौसेविषयी येथे उपदेश करावयाचा नाही. परंतु कायद्याची भाषा ध्यानात घेणे अवश्य आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये निर्मात्याने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा वाहनातील बदल करण्यास प्रतिबंध आहे. तेथे बंधन गाडीवर नाही, मालकावर आहे. कायद्याच्या वाक्यात कर्ता माणूस आहे. गॅरेजच्या वाक्यात तो नाहीसा होतो.

कर्ता नाहीसा होण्याचे सर्वांत मोठे उदाहरण २०१५ साली जगापुढे आले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचा संगणक, आपली चाचणी चालू आहे हे चाकांच्या गतीवरून, सुकाणूच्या स्थितीवरून व तत्सम खुणांवरून ओळखत असे. चाचणीत धूर आवरून धरीत असे आणि रस्त्यावर मोकळा सोडीत असे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ती योजना होती. ‘गाडी फसवते’ असे त्या वेळी सहज म्हटले गेले. गाडीने कोणाला फसविले नाही. चाचणी ओळखण्याचे व त्यानुसार वागण्याचे कलम माणसांनी लिहिले होते. पाणिनीची हेतुसंज्ञा येथे केवळ व्याकरणाची बाब राहत नाही.

७

ह्या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की भाषा रूपकांवरच जगते; घड्याळ चालते, चाकू लागतो, पाऊस रुसतो; मग गाडी शिकली तर काय बिघडले? बिघडले ते इतकेच, की घड्याळ चालते म्हणून त्याला पाय असतील अशा समजुतीने कोणी व्यवहार करीत नाही. ‘गाडी शिकेल’ ह्या वाक्यावर विसंबून मात्र माणूस थांबतो, पैसे देतो, दुरुस्ती पुढे ढकलतो. रूपक निर्णयाच्या जागी येऊन बसले, की त्याची चिकित्सा करणे भाग पडते.

दुसरा आक्षेप परिभाषाकारांचा. ‘अनुकूलन’, ‘स्वयंसमायोजन’ असे निर्दोष शब्द उपलब्ध असता लोकभाषेत शोध कशाला, असे ते विचारतील. ग्रंथांत हे शब्द अवश्य राहावेत. परंतु ‘अनुकूलन’ ह्या एका शब्दात मोजणे, झाकणे आणि वळण लागणे पुन्हा एकत्र कोंबले जातात. जो दोष ‘शिकणे’ ह्या तद्भवात होता तोच ह्या तत्समात शिल्लक राहतो. फक्त तो प्रतिष्ठित होतो.

म्हणून सुचवावेसे वाटते ते असे. क्षणोक्षणीच्या कामाला ‘मोजणे’ म्हणावे. दीर्घ मुदतीच्या दुरुस्तीला, ती हानिकारक नसेल तेव्हा ‘सावरून घेणे’, आणि दोष लपवीत असेल तेव्हा ‘झाकणे’ म्हणावे. चालकाच्या पावलाशी गिअर जुळवून घेतो त्याला ‘वळण लागणे’ म्हणावे. ट्यूनरच्या कामाला ‘शिकवणे’ न म्हणता ‘कोष्टक बदलणे’ म्हणावे, आणि त्या वाक्यात बदलणाऱ्याचा उल्लेख गाळू नये. यांपैकी एकही शब्द नवा घडवावा लागलेला नाही. ‘शिकणे’ हे क्रियापद, खरोखर स्वतःहून नवे काही मिळविणारी यंत्रे आपल्या रस्त्यांवर सर्रास येतील तेव्हासाठी, राखून ठेवण्यास हरकत नाही. तेव्हाही ती काय मिळवितात हे आधी पाहावे लागेलच.

विभागातील विद्यार्थ्यांनी बोलींचे नमुने गोळा करताना लग्नगीते व म्हणी जितक्या आस्थेने टिपल्या, तितक्याच आस्थेने गॅरेजातील बोलणेही टिपावे. ज्या वाक्याने प्रस्तुत लेखकाचा भ्रम दूर केला ते कोणत्याही कोशात नव्हते. चिरलेली नळी हातात धरून, कपड्याला हात पुसता पुसता, ते एका माणसाने सहज उच्चारले होते.